सातबारा ते सात एकोणचाळीस

फोटोच्या फाइलीत चित्राखेरीज बरंच काही भरलेलं असतं. कॅमेरा कुठला, बटण कधी दाबलं, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, रंग कुठल्या मापानं मोजायचे. ही माहिती वाचण्या-लिहिण्यासाठी एक्झिव्ह-टू नावाची एक मुक्तस्रोत लायब्ररी आहे. डिजिकॅम, डार्कटेबल, गिम्प हे फोटोंचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या संगणकात ती असते, त्यांना तिचं नाव ठाऊक नसलं तरी. २०२१ मध्ये तिच्यातले काही दोष जाहीर झाले. ०.२७.४ किंवा त्याआधीच्या आवृत्तीला मुद्दाम बिघडवलेला फोटो दिला आणि त्यातलं रंगांचं प्रोफाइल छापून दाखव म्हटलं, की प्रोग्रॅम एका लूपमध्ये शिरायचा तो बाहेरच यायचा नाही. त्याच वर्षीचा दुसरा एक दोष होता फोटोत माहिती लिहिण्याच्या रीतीत: मजकूर दुप्पट झाला की काम चौपट व्हायचं.

अशा दोषांना 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. चोरी नाही, घुसखोरी नाही. यंत्र बंदसुद्धा पडत नाही. ते इमानेइतबारे काम करत राहतं आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. दोषांच्या याद्यांमध्ये यांची तीव्रता बहुधा 'मध्यम' लिहिलेली असते आणि वाचणारा पुढच्या ओळीकडे वळतो.

याच जातीचा एक दोष २ जुलै २०१९ रोजी इंटरनेटच्या फार मोठ्या भागात एकाच क्षणी जागा झाला. तिथे फोटो नव्हता, आणि फोटो बिघडवून पाठवणारा हल्लेखोरही नव्हता. त्या दिवसाचा हा घटनाक्रम. वेळा भारतीय आहेत. यातलं बरंचसं लंडनमध्ये घडलं, आणि लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं.

तीन वर्षं आधी

इशारा मिळालेला होता, पण दुसऱ्याच्या घरी. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं रोजचं विचारपूस करण्याचं ठिकाण ३४ मिनिटं बंद पडलं. कुणीतरी टाकलेल्या मजकुरात, कोडच्या एका ओळीत, सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या होत्या. ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटणारा एक छोटासा नमुना, म्हणजे मजकुरात काय शोधायचं याचं सूत्र, संगणकाकडे होता. तो पहिल्या जागेपासून मोजत निघाला, २०,००० मोजल्यावर ओळ संपलेली नाही असं दिसलं, मग दुसऱ्या जागेपासून पुन्हा पहिला पाढा. असे जवळपास २० कोटी तपास. तो मजकूर मुखपृष्ठावर होता आणि सर्व्हर जिवंत आहे की नाही हे, येणाऱ्या मागण्या सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सर मुखपृष्ठ मागवूनच ठरवत होता. उत्तर येईना, तेव्हा सगळेच सर्व्हर मेले असं धरून त्यानं त्यांना रांगेतून काढून टाकलं.

हे सगळं त्यांनी लगेच जाहीरपणे लिहिलं होतं. जगभरच्या इंजिनिअरांनी ते वाचलं, एकमेकांना पाठवलं, हसले.

काही आठवडे आधी

क्लाउडफ्लेअर ही कंपनी वेबसाइट आणि तिचे पाहुणे यांच्या मधोमध उभी असते. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा तुमची मागणी आधी क्लाउडफ्लेअरच्या जवळच्या केंद्रात जाते. मुंबईतही त्यांचं केंद्र आहे. तिथे फायरवॉल ती तपासते. मागणीत हल्ल्याचा वास आला तर अडवते, नाहीतर पुढे जाऊ देते. तपासायचं कसं, याचे हजारो नियम असतात.

एखादा नियम प्रोसेसरचा अवाजवी वेळ खाऊ लागला तर त्याला आवरणारी एक सोय या फायरवॉलमध्ये होती. त्या उन्हाळ्यात फायरवॉलचं कोड नव्यानं मांडायला घेतलं. हेतू काय, तर प्रोसेसरवरचा भार कमी करणं. त्या आवराआवरीत नेमकी ती सोय चुकून काढली गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिची गरज पडेपर्यंत ती असल्या-नसल्याचा फरक दिसण्यासारखा नव्हताच.

आठ दिवस आधी

२४ जून २०१९. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या सेवादात्याची मार्गांची चुकीची यादी व्हेरायझन या बड्या दूरसंचार कंपनीनं न तपासता पुढे पाठवली आणि इंटरनेटची बरीच वाहतूक त्या बोळात शिरली. क्लाउडफ्लेअरची सुमारे १५ टक्के वाहतूक सर्वांत वाईट क्षणी हरवली. कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी व्हेरायझनला जाहीरपणे खडसावलं. कंपनीनं सविस्तर लेख लिहून साधी चाळणी लावली असती तर हे टळलं असतं हे पटवून दिलं. म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फक्त पुढचा आठवडा त्यांचा होता.

सायंकाळी ७:०१

लंडनमध्ये दुपारचे अडीच वाजून गेलेत. फायरवॉल टीममधला एक इंजिनिअर एक बदल मूळ कोडमध्ये मिसळतो, म्हणजे 'मर्ज' करतो. सहकाऱ्यांनी तो तपासून मान्य केलेला आहे. वेबपानांत घुसडल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्टचे हल्ले अधिक नीट ओळखावेत, एवढाच त्याचा उद्देश.

इकडे मुंबईत आदल्या रात्रीच्या पावसामुळे सुट्टी जाहीर झालेली, आणि बर्मिंगहॅमला विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना सुरू. देशातली माणसं ऑनलाइन असण्याची कारणं त्या संध्याकाळी कमी नव्हती.

७:०७

आपोआप चालणाऱ्या चाचण्या हिरवा कंदील देतात. चाचण्या नावापुरत्या नव्हत्या. सुटे सुटे भाग तपासून झाल्यावर ढीगभर नमुना-मागण्या फायरवॉलवर सोडल्या जात: जे अडवायचं ते अडतंय का, जे सोडायचं ते सुटतंय का. उत्तर बरोबर आलं की चाचणी पास. ते उत्तर काढायला प्रोसेसरला किती घाम गाळावा लागला, हे मोजणारी चाचणी एकही नव्हती.

७:१२

बदल प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वाहतुकीवर जातो.

इथे थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका क्षणातून निघालं आहे. क्लाउडफ्लेअरचं बाकीचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं बाहेर पडायचं. आधी फक्त कंपनीचे कर्मचारी जातात त्या केंद्रात, मग फुकट सेवा वापरणाऱ्या थोड्या ग्राहकांवर, मग जगातल्या तीन ठरावीक केंद्रांत, मग सगळीकडे. फायरवॉलच्या नियमांना मात्र या पायऱ्या माफ होत्या. तर्क बिनतोड होता: नवा हल्ला सुरू झाला तर त्याचा बंदोबस्त त्याच तासात जगभर पोचायला हवा. आधीच्या ६० दिवसांत असे ४७६ बदल झाले होते, सरासरी तीन तासांना एक. त्यांना पोचवणारी यंत्रणा इतकी चपळ की शंभरातले नव्व्याण्णव बदल जगातल्या प्रत्येक मशीनपर्यंत २.२९ सेकंदांच्या आत पोचत.

त्या दिवशीचा बदल तातडीचा नव्हता. तो त्या वाटेनं गेला कारण नियमांची वाट तीच होती. शिवाय तो 'सिम्युलेट' पद्धतीनं लावला होता, म्हणजे नियम खऱ्या वाहतुकीवर चालेल, पण अडवणार कुणालाच नाही. फक्त नोंद करील. यापेक्षा सावधपणा तो काय? पण नोंद करायलासुद्धा नियम चालवावा लागतो.

नियमाचा गाभा म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोवरच्यासारखाच एक नमुना होता: «.*.*=.*». टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा. कितीही काहीही, पुन्हा कितीही काहीही, मग बरोबरचं चिन्ह, मग पुन्हा कितीही काहीही. पहिली दोन 'काहीही' शेजारी शेजारी आहेत आणि मध्ये बांध नाही. दोन भावांनी बांध नसलेली जमीन वाटून घ्यायला बसावं, तसं सुरू होतं. थोरला सगळीच घेतो. बरोबरच्या चिन्हाला काही उरत नाही, म्हणून तो एक अक्षर सोडतो. ते धाकटा घेतो. अजून चिन्हाला काही नाही. धाकटा सोडतो, तरी जमत नाही. थोरला आणखी एक सोडतो, आता धाकट्याच्या वाट्याला दोन, आणि धाकट्याची सगळी घासाघीस पहिल्यापासून. शक्य तितक्या सगळ्या वाटण्या करून पाहायच्या, आणि प्रत्येक फसली की मागे यायचं.

'क्ष=क्ष' एवढ्या तीन अक्षरांवर हा गाभा जुळवायला २३ पायऱ्या लागतात. चिन्हानंतर २० क्ष ठेवले तर ५५५. आणि शेवटी अर्धविराम हवाच अशी अट घातली आणि तो मजकुरात नसला, तर नाही हे उत्तर द्यायलाच ५,३५३. क्लाउडफ्लेअरनं पुढे हे आकडे स्वतःच मांडून दाखवले. खरोखरीच्या मागण्या २२ अक्षरांत संपत नाहीत.

यात अटळ असं काहीच नव्हतं, ही गोष्ट मला सर्वांत टोचते. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्येच अशी जुळवाजुळव करण्याची रीत छापली होती, जिच्यात सगळ्या शक्यता एकदमच पुढे नेल्या जातात आणि मागे येण्याचा प्रश्नच उरत नाही. मजकूर दुप्पट, तर काम दुप्पट. पण क्लाउडफ्लेअरची फायरवॉल वापरत होती पीसीआरई, म्हणजे केंब्रिजचे फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेली मुक्तस्रोत लायब्ररी. ती मागे-पुढे करणारी आहे. तसं केल्यानं नमुन्यांत काही जास्तीच्या करामती करता येतात आणि प्रोग्रॅमरांना त्या आवडतात. वेळेची हमी तिनं कधीच दिली नव्हती, त्यामुळे फसवलं असंही म्हणता येत नाही.

७:१५

तीन मिनिटांनी पहिला अलर्ट वाजतो. फायरवॉल नीट चालते आहे का, हे बाहेरून तपासणारी चाचणी नापास. मागोमाग दुसऱ्या सेवांच्या चाचण्या नापास, जगभरची वाहतूक घसरल्याचा अलर्ट, आणि मग शहराशहरांतून एकच निरोप: प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेले.

साइट उघडणाऱ्यांना पांढऱ्या पानावर '५०२ बॅड गेटवे' दिसू लागतं. साइट शाबूत, तुमचं नेट शाबूत, मधला माणूस मात्र हिशेबात बुडालेला. मुंबईत कुणी पावसाला बोल लावला असेल तर त्याला हसता येणार नाही. काय काय बंद आहे हे लोक ज्या डाउनडिटेक्टरवर जाऊन पाहतात, तोही बंद होता. तोही क्लाउडफ्लेअरच्याच मागे उभा.

कंपनीचे तंत्रप्रमुख जॉन ग्रॅहम-कमिंग एका मीटिंगमध्ये होते. अलर्ट मनगटावरच्या घड्याळावर आले. ते उठून जागेकडे निघाले, तर वाटेतच एका सहकाऱ्यानं सांगितलं की ८० टक्के वाहतूक गेली आहे. लंडनचा इंजिनिअरवर्ग तेव्हा एके ठिकाणी जमून एक तांत्रिक व्याख्यान ऐकत बसला होता. व्याख्यान तोडलं, सगळे मोठ्या खोलीत जमले, बाकीचे फोनवरून जोडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे पावणेसात.

७:१५ ते ७:३०

पहिला संशय बाहेरच्यावर. इतक्या ठिकाणी एकदम प्रोसेसर जाम होतात म्हणजे कधी न पाहिलेल्या प्रकारचा हल्ला असणार. ज्या कंपनीचा धंदाच हल्ले परतवण्याचा, तिला दुसरं काय सुचणार?

ही पंधरा मिनिटं घटनाक्रमात रिकामी दिसतात. खरं तर या वेळात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या बाजूंनी तेच शोधून काढलं. एकानं चालू मशीनवरून प्रोसेसरचा वेळ कुठे जातो आहे याचा आलेख काढला: फायरवॉल. दुसऱ्यानं त्या प्रक्रियेच्या आतल्या हालचाली तपासून तेच पाहिलं. तिसऱ्याला त्रुटींच्या नोंदींत फायरवॉलचीच तक्रार सापडली. साडेसातला हल्ल्याची शक्यता रद्द झाली.

७:३२

'ग्लोबल किल'. एखादा भाग सगळ्या जगात एकदम बंद करण्याची कळ. ती फायरवॉलवर चालवायची, असा प्रस्ताव येतो आणि खोलीतले सगळे ग्रॅहम-कमिंग यांच्याकडे पाहतात.

होकार मिळतो, पण कळ दाबता येत नाही. आतल्या नियंत्रण-पटलात शिरायला लॉगिन हवं, आणि ते लॉगिन क्लाउडफ्लेअरच्याच सेवेतून जातं. ती सेवा बंद. कामांच्या नोंदींची यंत्रणा, बिल्ड करण्याची यंत्रणा, सगळंच त्या दाराच्या पलीकडे. वळसा घालून जाण्याची एक वाट होती, पण क्वचित वापरलेली, त्यामुळे कुणाच्या हातात बसलेली नाही. आणि काही जणांची परवानगीच संपलेली निघाली, कारण पटल बरेच दिवस उघडलं नाही तर ते सुरक्षेसाठी आपोआप रद्द होई. स्वतःचं सामान स्वतः वापरणं ही या धंद्यात प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते. त्या पाच मिनिटांत तिची किंमत वसूल झाली.

ग्राहकांची तर कोंडीच. क्लाउडफ्लेअर तात्पुरतं बाजूला सारून थेट आपल्या सर्व्हरवर माणसं आणावीत म्हटलं, तर ते करण्याचं पानही क्लाउडफ्लेअरमधूनच उघडायचं.

७:३७

एका सहकाऱ्याच्या हातून कळ दाबली जाते.

७:३९

वाहतूक आणि प्रोसेसर जगभर नेहमीच्या पातळीवर. एकूण २७ मिनिटं.

रात्री ८:२२

मधला पाऊण तास फायरवॉलविना गेला, म्हणजे ग्राहकांच्या साइटींची एक तटबंदी उतरवलेली होती. बाकीची संरक्षणं चालू. एका शहरातून पैसे भरणाऱ्या ग्राहकांची वाहतूक बाजूला काढून, उरलेल्या थोड्या वाहतुकीवर दोष खरंच गेला आहे का, हे उलटसुलट तपासलं आणि मग फायरवॉल पुन्हा सगळीकडे चालू झाली. बदल पाठवण्याआधी हेच तपासणं जमलं नसतं असं नाही.

पुढचे दिवस

१२ जुलैला ग्रॅहम-कमिंग यांनी लांबलचक कैफियत प्रसिद्ध केली, आणि तिच्यात अकरा कारणं मांडली. नमुना लिहिणारा इंजिनिअर त्यांतलं एक कारण. उरलेली दहा म्हणजे काढलेली सोय, वेळेची हमी नसलेलं जुळवणीचं इंजिन (पीसीआरई), प्रोसेसर न मोजणाऱ्या चाचण्या, मागे घ्यायला फायरवॉलची दोन पूर्ण बिल्ड करावी लागतील अशी रोलबॅकची योजना, उशिरा वाजलेला अलर्ट, अशी. इंजिनिअरचं नाव कुठेही नाही. आपल्याकडच्या चौकशी समित्यांनी एवढं एक पान जरी उचललं तरी बरंच होईल. फायरवॉलचे ३,८६८ नियम माणसांनी एकेक करून वाचले. काढलेली सोय परत बसवली. इंजिन बदलून वेळेची हमी देणारं घ्यायचं ठरलं. नियमही आता टप्प्याटप्प्यानं जातील असं ठरलं, मात्र चालू हल्ल्याच्या वेळी एकदम सगळीकडे पोचण्याची वाट राखून ठेवली. ती राखणं भागच होतं.

५ डिसेंबर २०२५, दुपारी २:१७

रिॲक्ट या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष निघाला होता आणि ग्राहकांना त्यापासून वाचवण्यासाठी क्लाउडफ्लेअर फायरवॉलमध्ये बदल करत होती. मुख्य बदल टप्प्याटप्प्यानं निघाला होता. त्याच्या आड येणारं, फक्त कंपनीच्या आतच वापरलं जाणारं एक चाचणीचं साधन बंद करायचं होतं. तो दुसरा बदल काही सेकंदांत जगभर पोचवणाऱ्या वाटेनं गेला. बंद करण्यासाठी वापरली ती नियम थांबवण्याची कळ. त्या विशिष्ट प्रकारच्या नियमावर ती याआधी कधीच चालवलेली नव्हती, आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या कोडमधली एक चूक त्यामुळे उघडी पडली. क्लाउडफ्लेअरमधून जाणाऱ्या वेबवाहतुकीपैकी सुमारे २८ टक्के वाहतूक २५ मिनिटं अडली. मुंबईचा शेअर बाजार तेव्हा चालू होता. झेरोधा आणि ग्रो ही शेअर खरेदी-विक्रीची ॲप वापरणाऱ्यांच्या ऑर्डरी स्क्रीनवरच थांबल्या, आणि बाजार बंद व्हायला अजून तास-सव्वातास होता.